वाटीभर हायड्रो, चार थेंब पाणी

परवा मी एका सभागृहात शेवटच्या रांगेत बसून माझंच प्रेझेंटेशन ऐकलं. देणारे मात्र दुसरेच होते.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या त्या सभागृहात डाईंग मिलवाल्यांसाठी सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्याते मुंबईचे, रसायनशास्त्रातले डॉक्टर. इंग्रजी उत्तम, टाय त्याहून उत्तम. शेवटी त्यांनी टेबलावर स्टीलची वाटी ठेवली, तीत पांढरी पूड घातली, वर पाण्याचे चार थेंब सोडले. थोड्या वेळाने धूर निघाला. टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "या पुडीला टाकीभर पाणी चालतं, चार थेंब चालत नाहीत." हे वाक्य माझं. वाटीचा प्रयोगही माझा. मी तो त्यांच्यासमोर केला होता, तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून घड्याळ बघत होते.

बरं, नेला तर नेला, धड करायचा तरी! वाटी टेबलावर इतकी खाली ठेवली की पहिल्या रांगेपलीकडे कुणाला काही दिसलं नसणार. मी असतो तर वाटी उंच धरली असती आणि समोरच्या एखाद्या शेठला उठवून तिच्या बुडाला बोट लावायला सांगितलं असतं. चटका बसलेला माणूस घरी जाऊनही सांगतो. असो. मी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी मोठी बातमी आहे.

वाटीचं मला दुःख नाही. मूळ वाटी माझ्या बायकोची होती आणि ती अजून माझ्याशी त्यावरून भांडते. माझं दुखणं एका वाक्याचं आहे. ते वाक्य कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, आणि आजवर कुणी म्हटलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला माझा धंदा सांगायचा तर मी मिलना रंगाची रसायनं विकतो. सुरुवात पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये जेट मशीनवर हेल्पर म्हणून झाली. जेट म्हणजे कापड रंगवायचं बंद, उकळतं मशीन. अमळनेरहून आलो तेव्हा मला गुजराती येत नव्हतं, हिंदी मोडकं होतं आणि आवाज मोठा होता. आवाज तेवढा टिकला. हळूहळू रंग कसा चढतो, का बसत नाही, पाणी जड असलं की काय होतं, हे शिकलो आणि ज्यांच्याकडे राबलो त्यांनाच माल विकायला लागलो. पण माल विकणं हे नावापुरतं. खरं काम समजावून सांगण्याचं. माझी रसायनं दुसऱ्या कुणाकडेही मिळतात. ती का वापरायची, हे समोरच्याला पटेल असं सांगणारा मिळत नाही.

शेठला सांगायचं असेल तर आलेख दाखवू नये. आलेख दिसला की शेठला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. मी दोन कापडं नेतो, एक आपल्या मालाने धुतलेलं, एक साधं. शेठच्या हातात पांढरा रुमाल देतो आणि म्हणतो, घासा. रुमालावर रंग उतरला की माझं बोलणं संपलं. शेठ स्वतःच्या हाताने जे करतो त्यावरच त्याचा विश्वास असतो.

डाईंग मास्टरचं उलटं. त्याला त्याच्या माणसांसमोर काहीही शिकवायचं नाही. त्याला बाहेर चहाच्या टपरीवर न्यायचं आणि विचारायचं, "मास्टरजी, आजकल बोर का पानी कैसा आ रहा है?" मग तो स्वतःच माझं सगळं व्याख्यान मला देतो. मी मान हलवतो. दुसऱ्या दिवशी तोच शेठला सांगतो की मला एक नवा विचार सुचलाय. मला काय, ऑर्डर माझीच.

कामगारांपुढे बोलताना पहिलं वाक्य त्यांच्या अंगाबद्दल हवं. डोळे, हात, छाती. कंपनीच्या नुकसानीपासून सुरुवात केलीत की ते तुमच्याकडे बघत राहतात आणि ऐकणं थांबवतात.

हे सगळं मी हसं करून घेऊन शिकलो. पहिल्यांदा मला एका सेमिनारमध्ये बोलावलं तेव्हा मी सगळं इंग्रजीत पाठ करून गेलो होतो. स्लाईडवर आकडेच आकडे. मागून उंधियूचा वास यायला लागला तशा मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. जेवताना एक ओळखीचे शेठ पाठीवर थाप मारून म्हणाले, "पाटीलभाई, बहु सरस बोल्या. शेना पर हतुं?" फार छान बोललात, कशावर होतं? त्या दिवसापासून ठरवलं की आधी समोर कोण बसलंय ते बघायचं, मग तोंड उघडायचं.

आता त्या दसऱ्याची गोष्ट.

सुरतेजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत हसमुखभाई नावाच्या शेठची मिल आहे. माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गोदामात भावलाल नावाचा स्टोअरकीपर होता. आमच्या शिरपूरकडचा, बमरोलीत राहणारा, आयुष्य त्या गोदामात घालवलेला. अहिराणी बोलायला मिळावी म्हणून मी माल उतरवून झाला तरी तिथे रेंगाळायचो. दसऱ्याला मिलमध्ये पूजा व्हायची. शेठच्या आई, ज्यांना सगळी मिल 'बा' म्हणायची, स्वतः येऊन तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानाने प्रत्येक मशीनवर शिंपडायच्या, कुंकू लावायच्या. मग पेढे, आणि दुपारी मिल बंद.

त्या दसऱ्याला दुपार कलल्यावर वॉचमनला गोदामातून धूर येताना दिसला. आत मी पुरवलेल्या हायड्रोचा ड्रम धुमसत होता. गडद रंगाचं पॉलिस्टर रंगवलं की वर सुटा रंग राहतो. तो धुऊन काढला नाही तर बाईचं ब्लाऊज घामाने रंग सोडतं. तो सुटा रंग काढणारी पांढरी पूड म्हणजे हायड्रो. काम गुणी, स्वभाव माझ्यासारखा. कोरडी ठेवली तर गरीब. टाकीभर पाण्यात टाकली तर मुकाट विरघळते. पण ड्रममध्ये थोडंसंच पाणी गेलं की आतल्या आत तापायला लागते, गंधकाचा वास सुटतो, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर पेट घेते. त्या दिवशी तो ड्रम पेटला, शेजारचे कागदाचे खोके पेटले, आणि अर्धं गोदाम गेलं. माणूस कुणी दगावला नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी निकालही लागला. मुंबईहून हे डॉक्टर आले. त्यांनी दोन शक्यता सांगितल्या, कुणीतरी बिडी ओढली असेल किंवा माल निकृष्ट असेल. शेठने दोन्ही उचलल्या. बिडीसाठी भावलालला कामावरून काढलं आणि मालासाठी मला.

मी बमरोलीला भावलालच्या खोलीवर गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता.

"आप्पा, मी बिडी पेसच नही," तो म्हणाला. "तमाखू खास, तेबी बाहेर जाईसन."

"मग पाणी कुठून गेलं? ड्रमचं झाकण घट्ट असतं ना?"

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. मग त्याची बायको आतून म्हणाली, "सांगी द्या ना आप्पासले."

ते असं होतं. मशीनची पूजा दरवर्षी व्हायची, गोदामाची नाही. या वर्षी बांना वाटलं, मालाचीही व्हावी. आणि झाकलेल्या मालाला देव कसा बघणार? म्हणून त्यांनी झाकणं उघडायला सांगितली, जशी पूजेच्या दिवशी तिजोरी उघडी ठेवतात. भावलालने झाकणं उघडली, आतली प्लास्टिकची पिशवीसुद्धा मोकळी केली. बांनी पानाने पाणी शिंपडलं. प्रत्येक ड्रमवर चार-चार थेंब. भावलालने झाकणं लावली आणि सगळे पेढे खायला गेले. नशिबाने हायड्रोचा तो एकच ड्रम होता.

"मग शेठला का नाही सांगितलंस?"

"बानं नाव कसं लेऊ, आप्पा? मन्ही पोरना लगनमा तिनी साडी दी व्हती."

मी तिथेच त्याच्यावर ओरडलो. नोकरी जाईल, नाव जाईल, उद्या दुसऱ्या मिलमध्ये गेलास तर बिडीवाला म्हणून हाकलतील, आणि तू साडीचं सांगतोस! त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही सांगा ना. पन तिले दुख नको व्हवाले पाहिजे."

मला आयुष्यात अनेक अवघड प्रेझेंटेशन्स द्यावी लागली. इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं.

पहिलं प्रेझेंटेशन हसमुखभाईंच्या केबिनमध्ये झालं. शेठ आणि डॉक्टर समोर. "पाटीलभाई, पांच मिनिट छे," शेठ म्हणाले. मी घरून आणलेली वाटी काढली, माझ्याच मालातली पूड घातली आणि शेठच्या हातात पाण्याचा पेला दिला. "चार थेंब सोडा." त्यांनी सोडले. मी त्यांचं बोट धरून वाटीच्या बुडाला लावलं. ते झटका बसल्यासारखे मागे झाले. गंधकाचा वास केबिनभर पसरला. डॉक्टर म्हणाले, "हे पुस्तकात आहे." मी म्हणालो, "मग काल का नाही सांगितलं?"

शेठचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्यांची नजर भिंतीवर होती. तिथे पूजेच्या फोटोत बा हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. माणूस हुशार. मला एक शब्दही पुढे बोलावं लागलं नाही.

डॉक्टरांना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाले, "बाने खबर नहीं पडवी जोईए." आईला हे कळता कामा नये. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. तिच्या हातून देवाच्या कामात आग लागली असं कळलं तर ती अंथरूण धरेल.

मला हे समजत होतं. मी सौदा करणारा माणूस, सौदा टाकला. पूजेचं नाव मी कुठेही काढणार नाही. बदल्यात दोन गोष्टी. भावलालला परत घ्या. आणि एकदा सगळ्यांसमोर एवढंच म्हणा, की माल बरोबर होता.

"आपणे भेज लखीशुं," शेठ म्हणाले. दमटपणा, एवढंच अहवालात लिहू. पावसाळा नुकताच संपलाय, गोदामात ओल होती.

"आणि ओल कुणामुळे?"

"स्टोअरकीपरनं लक्ष द्यायला हवं होतं."

म्हणजे बिडी गेली आणि ओल आली, दोष मात्र तिथेच! अर्धं खरं सांगितलं की उरलेल्या अर्ध्याचं ओझं गरिबाच्या डोक्यावर जातं. मी टेबलावर हात आपटला. वाटी उलटी झाली, शेठच्या काचेवर पिवळट डाग पडला. जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. वॉचमनने मला गेटपर्यंत सोडलं.

तरी आठवड्याने शेठचाच फोन आला. कामगारांना हायड्रोबद्दल समजावून सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या ओळखीतल्या दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मी गेलो. माणसं जगली पाहिजेत, शेठशी भांडण नंतर. मिलच्या पटांगणात सगळी पाळी उभी. खानदेशी, ओडिया, यूपीचे. मी हिंदीत सुरुवात केली, "भाई, ये पाउडर पहले तुम्हारी आँख माँगेगा, फिर छाती." वाटी हातोहात फिरवली. भिजलेला मग ड्रममध्ये घालायचा नाही, ओल्या हाताने पूड काढायची नाही, झाकण उघडं ठेवायचं नाही. लोक माना डोलावत होते. माझं चांगलं चाललं होतं.

तेवढ्यात मागून एक ओडिया ऑपरेटर म्हणाला, "साहब, सब ठीक है. मगर छुट्टी के दिन कौन गीला मग डाला? उस दिन तो काम ही नहीं था."

पटांगणातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. पूजेला सगळे हजर होते. ते माझ्याकडे बघत होते. शेठ वरच्या खिडकीत उभे होते.

मोठमोठ्या सेमिनारमध्ये उत्तर टाळायचं असलं की वक्ते म्हणतात, "प्रश्न फार चांगला आहे." मला त्या वाक्याची चीड आहे. मी तेच वाक्य म्हणालो. "सवाल अच्छा है," म्हणालो आणि वाटी पिशवीत टाकली. मागे कुणीतरी हसलं. चांगलं जमलेलं प्रेझेंटेशन शेवटच्या अर्ध्या मिनिटात कसं मरतं, ते मी तिथे पाहिलं.

पण पटांगणातली गोष्ट पटांगणात राहत नाही. शेठच्या ड्रायव्हरने ती त्यांच्या घरी नेली. दोन दिवसांनी बांचा निरोप आला, की पाण्याने आग लावणाऱ्या माणसाला घेऊन या.

बा घरी हिंडोळ्यावर बसल्या होत्या. शेठ खांबाला टेकून उभे, चेहरा असा की मी काही बोललो तर तिथेच गळा धरतील. बांनी मला समोर बसवलं, पाणी दिलं, मुलं किती ते विचारलं. मग म्हणाल्या, "बताव."

इथे माझ्या सगळ्या युक्त्या संपल्या. रुमाल नाही, चहाची टपरी नाही. सौदा करावा असंही समोर काही नव्हतं. मी वाटी ठेवली, पूड घातली. थेंब सोडायला पेला उचलला तर बांनी तो माझ्या हातातून घेतला. हिंडोळा पायाने थांबवला आणि बोटांनी पाणी शिंपडलं. अगदी तसंच, पूजेत शिंपडतात तसं.

वाटी तापली. वास आला. बा बघत राहिल्या.

"आमां शुं नवुं छे?" त्या म्हणाल्या. "कळीचूनो पण आम ज धगे." यात नवीन काय? कळीचा चुनाही असाच तापतो. दिवाळीच्या आधी घर रंगवायला त्या लहानपणी चुना भिजवायच्या, थोडं पाणी पडलं की भांडं हातात धरवत नसे. माझी इतक्या वर्षांची सगळी तयारी एका वाक्यात झाली होती. हे उदाहरण मला का सुचलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

मग त्यांनी विचारलं, "ते दिवसे में छांट्युं हतुं, ए ज ने?" त्या दिवशी मी शिंपडलं होतं, तेच ना?

शेठ म्हणाले, "बा, तमे…"

"तने नथी पूछ्युं." तुला नाही विचारलं.

मी शेठकडे पाहिलं नाही. भावलालची आठवण झाली, तिले दुख नको व्हवाले पाहिजे. दुःख होणार नाही अशा रीतीने हे सांगायची पद्धत मला माहीत नव्हती. अजूनही नाही. मी म्हणालो, "हो बा. झाकण उघडं होतं आणि पाणी पूजेचं होतं. पाण्याला माहीत नसतं ते कुणाच्या हातचं आहे."

हिंडोळा थांबलेलाच राहिला. त्या रडल्या नाहीत, अंथरूणही धरलं नाही. वाटी गार होईपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या. मग मुलाला विचारलं, "तो भावलालने केम काढ्यो?" मग भावलालला का काढलं?

त्या आठवड्यात भावलाल परत कामाला लागला. कागदावर मात्र 'दमटपणा' तसाच राहिला आणि गोदामात भावलाल दिसला की काही जण ओठांशी दोन बोटं नेऊन बिडी ओढल्याचं नाटक करायचे. माझी ऑर्डरही परत आली नाही. मी शेठला दोनदा विचारलं. "जोईए," ते म्हणाले. बघू. गुजरातेत इतकी वर्षं काढल्यावर 'जोईए'चा अर्थ मला विचारावा लागत नाही.

पुढच्या दसऱ्याला बांनी मला पूजेला बोलावलं. मी पांढरा शर्ट घालून गेलो. मशीनची पूजा झाली. मग बा काठी टेकत गोदामात आल्या. ड्रम ओळीने लावलेले, झाकणं घट्ट. दुसऱ्या कंपनीचा हायड्रो, मी लेबल वाचलं. बांनी पाण्याचा तांब्या मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा बाहेर उंबऱ्यावर ठेवला. कोरडं कुंकू, कोरडे तांदूळ, एक झेंडू. झाकणावर ठेवले. मग वळून जमलेल्या माणसांना म्हणाल्या:

"गये वरसे में आमां पाणी छांट्युं, एटले आग लागी. भावलालनो कंई वांक नहोतो."

गेल्या वर्षी मी यात पाणी शिंपडलं म्हणून आग लागली, भावलालचा काही दोष नव्हता. बस, एवढंच. मी पटांगणात पाऊण तास घेतला होता आणि शेवटी पिशवी उचलून पळालो होतो. यांनी स्वतःचं नाव आधी घेतलं, म्हणून कुणाला पुढे विचारायला काही उरलं नाही. तो ओडिया ऑपरेटर पुढे उभा होता. त्याने हात जोडले. भावलालने डोळ्यांना गमछा लावला. त्या दिवसानंतर बिडीचं नाटक कुणी केलं नाही.

मी थांबलो होतो. एक वाक्य अजून बाकी होतं. माल बरोबर होता. तीनच शब्द जास्त लागले असते. बा पुढच्या ड्रमकडे गेल्या. शेठ मोबाईलमध्ये बघत होते. मी घसा खाकरला. माझं खाकरणं म्हणजे काय हे सबंध गोदामाला ठाऊक आहे. शेठनेही वर पाहिलं.

भावलालने माझं मनगट पकडलं आणि हातात पेढा ठेवला.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "आज मन्हा दिन शे."

मी पेढा खाल्ला.